मायच्या नावाचं पान

माझी माय गेली तेव्हा थोरल्या भावाने फाट्यावर मोठा फ्लेक्स लावला. त्यावर ती 'त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू' झाली होती. जिवंतपणी तिला घरात दोनच नावं होती. आम्ही 'माय वं' म्हणायचो आणि बाबा 'ऐकलं काय' म्हणायचे. मेल्यावर एकदम बढती मिळाली. फोटो कुठल्याशा लग्नातला होता. त्या लग्नात तिच्या हातात वरणाची बादली होती, पण फ्लेक्सवाल्याला ती शोभेना, म्हणून त्याने बादली कापून टाकली. उरला तो नुसता पुढे आलेला हात. येणारे-जाणारे म्हणत, बाई आशीर्वाद देऊन राह्यली पाहा. ती आशीर्वाद देत नव्हती, वरण वाढत होती. खाली शोकाकुल म्हणून ज्या पुढाऱ्यांचे फोटो होते, ते आकाराने तिच्यापेक्षा मोठे होते आणि त्यांना शोक आवरत नसल्याचं कुठे दिसत नव्हतं.

माय फार मायाळू होती असं सगळे सांगतात. खोटं नाही. पण तिच्या मायेतून ज्यांना जावं लागलं त्यांनाच ती काय चीज होती ते माहीत. पाटबंधारे खात्याला जमलं नाही ते तिला जमायचं. तिचा पुरवठा कधी खंडित होत नसे. मी वाशीमला शिकायला होते तेव्हा ती रोज सकाळच्या एसटीने माझा डबा पाठवायची. आमचं गाव किन्हीराजाच्या अंगाला, गाडी आमच्या जिल्ह्यातल्या मालेगाववरून वळसा घालून येणार, तरी डबा गरम यायचा, कारण तो तीन फडक्यांत गुंडाळलेला असे. कंडक्टर बदलला की ती नव्या कंडक्टरला फाट्यावर गाठून समजावून सांगायची की पोट्टी बारीक आहे, डबा सांभाळून न्या. सगळ्या वाशीम आगाराला मी बारीक असल्याचं ठाऊक होतं. पुढे मी वाशीमलाच शाळेत शिकवायला लागले, लग्न झालं, चांगली जाड झाले, तरी डबा चालूच. मग त्यात माझ्या मुलीसाठी लाडूही येऊ लागले. माझ्या मुलीचा समज होता की आजी एसटी महामंडळात नोकरीला आहे.

धाकटा भाऊ पुण्याला. त्याच्या पोरांशी माय व्हिडिओ कॉलवर बोलायची, म्हणजे फोन कानाला लावून बोलायची. त्या नातवंडांनी आजीचा चेहरा कमी आणि कान जास्त पाहिला. आणि बोलायची काय? एकच प्रश्न. "जेवला काय?" परीक्षा झाली, नोकरी लागली, नवीन गाडी घेतली, काहीही सांगा, ती "बरं झालं" म्हणून परत विचारायची, "पन जेवला काय?" एकदा धाकट्याने सांगितलं की त्याचा पगार वाढला. ती म्हणाली, "वाढू दे. जेवला काय?"

हा प्रश्न ती सगळ्यांना विचारायची. पोस्टमनला, लाईनमनला, मत मागायला आलेल्यांना. तिला मात्र तो कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायची सोयच नव्हती म्हणा, कारण ती जेवते कधी हेच कोणी पाहिलेलं नव्हतं. आधी बाबा जेवायचे. बाबांना अकराच्या पुढे भूक सहन होत नाही असा आमच्या घरात जवळजवळ धार्मिक समज होता. मग भाऊ, मग मजूर, मग पोरं, मग सुना. सुना सासूला म्हणायच्या, "मामीजी, बसा ना आमच्यासंग," आणि ती म्हणायची, "तुमी बसा, मी पाहातो." आमच्याकडे बायाही पाहातोच म्हणतात. पाहातो म्हणजे काय, तर चुलीमागे उभ्याने, तव्यावरची शेवटची करपलेली भाकर, पातेल्याच्या बुडाला राहिलं असेल ते. पातेल्यात काहीच राहिलं नसेल तर तिखट-मीठ. याला आमच्याकडे संस्कार म्हणतात. फ्लेक्सवर त्यालाच त्याग म्हटलं होतं.

गेली त्या दिवशीही तसंच झालं. मळ्यात वांगी तोडायला माणसं होती. तिने सगळ्यांना वाढलं, बाबांना ताक दिलं, पोरांच्या मागे फिरून घास भरवले आणि मग चुलीपाशी बसली ती आडवी झाली. गाडी करून वाशीमला नेलं. ऊन कलायच्या आत परत आणलं. मला निरोप उशिरा मिळाला, मी शाळेतून थेट गावी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

आता इथे आमच्या शेजारच्या काकूंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. आमच्या आणि त्यांच्या अंगणात एक कमरेएवढी भिंत आहे. त्यांच्या बकरीने एकदा आमचा मेथीचा वाफा साफ केला. माय बकरीला बोलली, काकू मेथीला बोलल्या, म्हणाल्या की फवारा मारलेली मेथी खाऊन बकरी आजारी पडली, भरपाई द्या. त्यावर दोघींचा अबोला झाला. तो इतका टिकला की मधल्या काळात माझं आणि दोन्ही भावांचं लग्न उरकलं.

अबोला म्हणजे त्या गप्प होत्या असं कोणी समजू नये. दोघी दिवसभर बोलत, फक्त एकमेकींशी नाही. माय आमच्या गाईला मोठ्याने सांगायची, "काही लोकायनं आज कपडे वाळाले टाकले अन् आभाय आलं तरी उचलले नाहीत, पाह्य वं." काकू पलीकडे बकरीला सांगायच्या, "आमाले दिसते, आमी काही आंधळे नाही." आणि कपडे उचलायच्या. शेलूबाजारच्या बाजाराला दोघी एकाच जीपमध्ये जायच्या, पाठीला पाठ लावून. बाजारात दोघींच्या जागा शेजारी-शेजारी ठरलेल्या. एक चहाला गेली की दुसरी तिची वांगी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, विकायची आणि पैसे तिच्या पोत्याखाली सरकवून ठेवायची. पण तोंडातून शब्द काढायची नाही. माणसाला तत्त्व असावं लागतं.

तर त्या दिवशी काकू भिंत ओलांडून आल्या. रडल्या नाहीत. मायच्या उशाशी थोडा वेळ बसल्या, मग उठून सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेल्या. किती वर्षांनी त्यांनी ते घर आतून पाहिलं असेल कोण जाणे. चुलीमागे ताट झाकून ठेवलेलं होतं. काकूंनी वरचं झाकण काढलं. एक भाकर, थोडं वांग्याच्या भाजीचं बूड आणि मीठ. हात लावलेला नव्हता. त्या ताट घेऊन बाहेर आल्या आणि भरल्या अंगणात, पुढाऱ्यांसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाहा. उपाशी गेली बाई."

थोरल्या भावाचं म्हणणं की त्या बाईने भर मौतीत आमची इज्जत काढली. वहिनीचं म्हणणं की ताट उचलायची काय गरज होती. बाबांचं मात्र त्या दिवसापासून जेवण बिघडलं. ताटावर बसायचे, दोन घास खायचे आणि म्हणायचे, "ते उपाशी गेली." दहावा झाला, तेरावा झाला, गावाला बुंदी वाढली, पाचपन्नास माणसं ढेकर देऊन गेली, आणि बाबा आपले तेच. धाकट्या भावाने त्यांना पुण्याच्या डॉक्टरला दाखवायचा बेत केला. डॉक्टर काय करणार होता? हा माणूस जन्मभर पहिला जेवला होता आणि आता पहिल्यांदा त्याला दिसलं होतं की शेवटीही कोणीतरी असतं. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकाच वेळी.

मग अक्षय तृतीया आली. आमच्याकडे तिला आखाजी म्हणतात आणि त्या दिवशी पितर जेवतात. म्हणजे खरोखर जेवतात. घरातला कोणी बाप्या गेला असेल तर त्याच्या नावाने एक जिवंत बाप्या बोलवायचा, बाई गेली असेल तर बाई. त्यांचे पाय धुवायचे, गंध-कुंकू लावायचं, पाटावर बसवून पुरणपोळी आणि आंब्याचा रस वाढायचा. पाय धुतले की उठेपर्यंत ती व्यक्ती म्हणजे आपलं गेलेलं माणूस. त्याच नात्याने हाक मारायची. ती जेवून उठेपर्यंत घरातल्या कोणीही घास तोंडात घालायचा नाही. आणि शेवटी पोट भरलं का ते विचारायचं. भरलं म्हणाली की वर गेलेलं माणूस वर्षभर तृप्त.

बाबा महिनाभर आधीपासून एवढंच म्हणत होते, "या आखाजीले तिले पोटभर जेवू घाला. पोटभर. बाकी मले काही नाही पाहिजे." त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मायच्या जेवणाची घाई झालेली होती.

माय सवाष्ण गेली, म्हणून बसायला सवाष्ण हवी, वयाने साधारण तिच्याएवढी. आखाजीच्या दिवशी गावात म्हाताऱ्या सवाष्णीला जो भाव येतो तो आमच्या तुरीला कधी आला नाही. आठ दिवस आधी जाऊन कुंकू लावून सांगावं लागतं, नाहीतर सगळ्या ठरून जातात. थोरल्याला वाटलं धाकट्याने फोन करून कोणाला सांगितलं असेल, कारण धाकटा पुण्याहून रोज फोनवर नियोजन करत होता. धाकट्याला वाटलं थोरल्याने सांगितलं असेल, कारण थोरला गावात राहतो. पुरणाची डाळ आली, आंबे आले, घागर आली, तिच्यावर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, आलं, सवाष्णीच्या ओटीचं लुगडंसुद्धा आलं. आखाजीच्या आदल्या दिवशी धाकटा बायकोपोरांसह पुण्याहून आला, मी वाशीमहून पोचले आणि विचारलं, "मायच्या नावानं कोन बसून राह्यलं?" दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. आईला जेवायला बोलवायचंच राहून गेलं होतं. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. या घरात तिला जेवायला बोलवायची सवय कोणाला होती?

मग धावपळ. गावातल्या एकीला तीन घरचं आमंत्रण होतं, ती म्हणाली चौथ्या घरी येईन पण दोनच घास खाईन. बाबा म्हणाले, दोन घासवाली नको. दुसरीचा नवरा दवाखान्यात होता आणि उद्यापर्यंत ती सवाष्ण राहील की नाही याची तिलाच खात्री नव्हती. वहिनीने मेडशीच्या आपल्या मावशीला फोन केला, ती जावयाकडे निघाली होती. धाकट्याने सुचवलं की व्हिडिओ कॉलवर कोणी चालेल का. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"एकच राह्यली," मी म्हटलं आणि भिंतीकडे पाहिलं.

थोरला भडकला. "ते? तिनं भर मौतीत आमचं नाक कापलं. मी तिचे पाय धू?"

"मंग तू बस लुगडं घालून," मी म्हटलं.

बाबा ओट्यावरून उठले आणि हळूच बोलले, "तिलेच बोलावा. तिनंच पाह्यलं होतं ताट." मग विषय संपला आणि जायचं माझ्या गळ्यात पडलं.

काकू अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. बाजूला खाटेवर त्यांचे यजमान पडलेले. त्यांना कानाने ऐकू येत नाही, आणि काकूंच्या मते त्यांनी ते सोयीसाठीच करून घेतलं आहे. मी भिंत ओलांडली तसं काकूंनी बकरीला सांगितलं, "पाह्य वं, कोन आलं. काहीतरी काम पडलं असन."

"काकू, उद्या आमच्या मायच्या नावानं जेवाले या लागते तुमाले."

त्यांनी चिंच खाली ठेवली. "साऱ्या गावानं नाही म्हनलं तवा माही याद आली काय?"

"हाव," मी म्हटलं. त्यांच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

हे त्यांना आवडलं असावं. "माहं अन् तिचं बोलनं नोहतं, मालूम हाये ना? अन् मी तिच्या पाटावर बसू? ते वरून पाहीन तं काय म्हनन?"

"ते गाईले सांगन, काही लोकायले फुकटचं जेवन बरं लागते म्हनून."

काकू हसल्या. बराच वेळ हसल्या, आणि मग पदराने तोंड पुसलं ते डोळ्यांपर्यंत पुसलं. "येईन," त्या म्हणाल्या. "पन सांगून ठेवतो. तिच्यासारखं जेवाचं म्हनलं तं चुलीमांगं उभ्यानं खा लागते. मी तसं जेवनार नाही. मी बसून जेवन, सावकाश जेवन, अन् मले कोनी घाई कराची नाही."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या त्या चांगलं इस्त्रीचं लुगडं नेसून. या खेपेला भिंतीवरून नाही, रस्त्याने फिरून पुढच्या दाराने आल्या. थोरल्याने पाय धुतले. चेहरा असा की कोणी त्याच्याकडून दंड वसूल करत आहे. पाय धुवून झाले तरी त्याच्या तोंडून शब्द निघेना. काकू वाट पाहत राहिल्या.

"बोल ना," त्या म्हणाल्या. "माय म्हन. तुही जीभ नाही झडनार."

"बस, माय," थोरला म्हणाला. त्याने तांब्या उचलला आणि बाहेर निघून गेला, पाणी आणायला म्हणे. तांब्या भरलेलाच होता.

चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांचे घास टाकले, तुपाचा वास घरभर झाला, आणि पान वाढलं. पुरणपोळी, रस, कढी, भजी, कुरडई, चिंचेचं सार, आणि आमच्या मळ्यातल्या वांग्याची भाजी. घरातली सगळी माणसं भिंतीला टेकून बसली. पुरुष अर्थातच पंख्याखाली.

काकूंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "पोळी गार हाये."

वहिनीने गरम आणली. ती संपवून काकू थांबल्या. "दुसरीही गरम पायजे. अन् तिसरीही." वहिनी चुलीपासून पाटापर्यंत आणि पाटापासून चुलीपर्यंत फेऱ्या घालू लागली. काकूंनी तिला हात केला. "तू बस वं. तुह्या नवऱ्याले सांग आनाले. धाकट्याले सांग. तेही माहेच पोट्टे हायेत ना?" मग माझे दोन्ही भाऊ उठले. धाकट्याने पोळी उलथण्यावरून पाटापर्यंत आणताना दोनदा जमिनीवर पाडली. पुण्यात तो तीस माणसं सांभाळतो.

काकू चघळून चघळून जेवत होत्या. रस चमच्याने घेत नव्हत्या, बोटाने घेत होत्या, आणि प्रत्येक बोटानंतर थोडं टेकून बसत होत्या. अकरा केव्हाच होऊन गेले होते. बाबांच्या भुकेची वेळ आली आणि गेली. ओट्यावरचं ऊन सरकत उंबऱ्याला आलं. थोरला घड्याळ पाहत होता. धाकट्याने हळूच विचारलं, "अजून किती वेळ?" मी म्हटलं, "तू बारावीले रातभर जागत होता तवा माय चुलीपाशी बसून राहत होती. तिनं विचारलं काय कवा, अजून किती वेळ?" तो पुढची पोळी आणायला उठला. मला खूप बरं वाटत होतं, कबूल करायला हरकत नाही. आयुष्यभर या घरात जिला कोणी बसू दिलं नाही, तिच्या नावाने आज एक बाई टेकून बसली होती आणि सगळे पुरुष उपाशी तिचं तोंड पाहत होते.

"तूप कमी हाये," काकू म्हणाल्या.

वहिनी उठायला लागली तर बाबा उठले. "मी आनतो." ते स्वयंपाकघरात गेले. आत डबे पडल्याचे आवाज आले. आधी ते मिठाची बरणी घेऊन बाहेर आले, पाहिलं, परत गेले. मग बेसनाचा डबा. तूप त्या घरात त्यांच्या लग्नापासून एकाच फळीवर आहे. शेवटी ते तुपाचं भांडं दोन्ही हातांनी धरून बाहेर आले, पाटासमोर वाकले आणि वाढू लागले. तूप पोळीवर पडलं, वाटीत पडलं, पाटावर पडलं.

"पुरे आता, वाहून राह्यलं," काकू म्हणाल्या, पण नेहमीसारख्या टोचून नाही.

तेवढ्यात माझी मुलगी माझ्या कानाशी आली आणि तिला वाटलं तेवढ्या हळू आवाजात म्हणाली, "आजी अजून जेवतच हाये काय? मले भूक लागली."

काकूंचा हात तोंडाशी गेलेला थांबला. त्यांनी घास खाली ठेवला, पाटावर एक हात टेकवला आणि उठायला लागल्या. "अवं माय, पोरगी उपाशी हाये," त्या म्हणाल्या, "थांब, तुले आधी..."

पाटावरून अर्धवट उठलेलं माणूस म्हणजे जेवण मोडलं. आणि त्या क्षणाला ती काकू वाटलीच नाही. मायच उठत होती, नेहमीसारखी, घास टाकून.

"बस," बाबा म्हणाले.

ते अजून तुपाचं भांडं धरून तिथेच वाकलेले होते. आवाज मोठा नव्हता. "तू बस. तू जेव. पोरायचं मी पाहातो."

हे वाक्य त्या घरात याआधी मायशिवाय कोणी बोललेलं नव्हतं. काकूंनी बाबांकडे पाहिलं आणि मग खाली बसल्या. बाबांनी भांडं बाजूला ठेवलं, माझ्या मुलीला कडेवर घेतलं, ती आता कडेवर घेण्याच्या वयाची राहिली नव्हती, आणि तिला घेऊन ओट्यावर गेले. तिला काय सांगितलं माहीत नाही, पण ती तिथे गपचूप बसून राहिली. काकूंनी उरलेली पोळी संपवली, भाजी संपवली, वाटी बोटाने पुसून घेतली. ताटात काही ठेवलं नाही.

थोरल्याने रीतीप्रमाणे विचारलं, "पोट भरलं काय, माय?"

"तू नको विचारू," काकू म्हणाल्या. "त्यायले विचारू दे."

बाबा दारात आले. मी त्यांना कधी असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं. "जेवली काय?" ते म्हणाले. मग परत, "पोट भरलं काय तुहं?"

काकूंनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं. मला वाटलं आता भरलं म्हणतील आणि बाबांची सुटका होईल. सगळ्यांना तेच वाटत होतं.

"आजच्यापुरतं भरलं," काकू म्हणाल्या. "मांगचं लय राह्यलं हाये. ते पुढच्या आखाजीले पाहू."

"ये," बाबा म्हणाले. "दरसाल ये."

काकूंनी हात धुतले, ओटी घेतली, माझ्या गालावरून बोटं फिरवली आणि पुढच्या दाराने निघून गेल्या. त्या उंबरा ओलांडून गेल्या आणि मी रडले. मौतीत रडले नव्हते एवढी रडले. वहिनीने मला पाणी दिलं आणि स्वतःही माझ्याजवळ बसून घेतलं.

मग घरात एकच झुंबड उडाली, कारण सगळे भुकेने कासावीस झाले होते. पोरं जेवली. मी आणि दोघी वहिन्या बसलो. भाऊ बसले. बाबांना बोलावलं तर म्हणाले, "तुमी बसा, मी पाहातो." सगळ्यांचं आटोपल्यावर ते चुलीपाशी गेले. पुरण संपलं होतं. तव्यावर एक कडक झालेली पोळी होती आणि कढीचं बूड. ते ताट घेऊन ते गोठ्याजवळच्या सावलीत येऊन बसले.

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. पाट सोडल्यामुळे त्या आता परत शेजारीण झाल्या होत्या आणि अबोला चालू झाला होता. त्या बकरीला म्हणत होत्या, "विचार वं त्यायले, बुढा जेवला काय?"

बाबांनी भिंतीकडे पाहिलं नाही. समोर गाय बांधलेली होती, तिच्याकडे पाहिलं.

"सांग तिले," ते गाईला म्हणाले, "जेवतो म्हनाव आता. आज आमच्या घरी पयले माही बायको जेवली."

आणि त्यांनी ताट पुढे ओढलं.